फसली सनातला ‘फ’

परभणीहून एका ताईंचा प्रश्न आहे. पणजोबांनी विकत घेतलेल्या शेताचा निजामकाळातला उर्दू कागद त्यांच्या हाती आलाय. त्यावर ‘माहे बहमन सन 1344 फ.’ असं आहे. भाषांतर करून देणाऱ्याने साल काढलं 1925. पण घरात सगळे सांगतात की शेत घेतलं तेव्हा आजोबा शाळेत जात होते, आणि आजोबांचा जन्म 1926चा. म्हणून ताई विचारतात, हा ‘फ’ म्हणजे फसली. मग फसली म्हणजे फसवा, खोटा सन असतो का?

नाही, ताई. तुमचा कागद खरा आहे आणि घरची आठवणही खरी आहे. चुकलंय ते भाषांतर.

‘फसणे’शी या शब्दाचं काही नातं नाही. मूळ अरबी ‘फस्ल’. त्या धातूत तोडणं, वेगळं करणं हा अर्थ आहे. वर्षाचा तोडलेला भाग म्हणजे हंगाम, आणि हंगामाचं म्हणून पीक. याच धातूचे ‘फासला’ आणि ‘फैसला’. आपण रोज बोलतो तो ‘तपशील’सुद्धा यातलाच, मूळ ‘तफसील’, म्हणजे गोष्ट सुटी सुटी करून सांगणं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा किती आनंद झाला होता!

हिजरी वर्ष चांद्र, साधारण 354 दिवसांचं. त्यामुळे त्याचे महिने ऋतूंतून सरकत राहतात. शेतसारा मात्र पीक हाती आल्यावरच भरता येतो. म्हणून महसुलासाठी हंगामाशी बांधलेला सौर सन आला. दख्खनचा फसली शहाजहानच्या काळात, 1636 साली सुरू झाला. तेव्हा हिजरी 1046 चालू होतं, तोच आकडा घेतला आणि पुढे सौर वर्षं मोजली. दोन सनांची फारकत तिथून सुरू झाली. उत्तरेतला फसली अकबराच्या काळातला, त्याचा हिशेबही वेगळा. तो इथे लावू नका.

हिजरी 1344 म्हणजे 1925-26. फसली 1344 म्हणजे ऑक्टोबर 1934 ते ऑक्टोबर 1935. सरळ नऊ वर्षांचा फरक. उर्दूत फसली सनापुढे ‘फे’ लिहितात, हिजरीपुढे ‘हे’. कागद विरलेला असला, फेवरचा एकुलता नुक्ता पुसला गेला, की वाचणारा फसलीला हिजरी समजतो. ताईंच्या कागदावर तसंच झालं असावं.

आता बहमन. इथे दुसरा खड्डा आहे. इंटरनेटवर बहमन शोधला की इराणचा महिना मिळतो, जानेवारी-फेब्रुवारीचा. हैदराबाद संस्थानात नावं तीच, पण वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू व्हायचं. आजूर, दै, बहमन असा क्रम लावला की बहमन डिसेंबरात येतो. म्हणजे व्यवहार डिसेंबर 1934 किंवा अगदी जानेवारी 1935च्या सुरुवातीचा. आजोबा तेव्हा आठ वर्षांचे. बसलं ना?

महिना बघायचा तो एवढ्यासाठीच. ‘फसलीत 590 मिळवा’ हे सूत्र सगळीकडे सांगतात, पण ते आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरं. जानेवारी लागला की 591. माझ्या आजोबांच्या जन्माची नोंद ‘आबान 1338 फ.’ अशी आहे. आबान म्हणजे वर्षाचा शेवटचा महिना. कुणीतरी 590 मिळवून 1928 लिहिलं आणि पुढे सगळ्या कागदांवर तेच चालत आलं. खरा जन्म 1929चा. पणजी सांगायची, महालक्ष्म्या उठल्या आणि मग हा झाला. सप्टेंबरशी ते तंतोतंत जुळतं. एका वर्षाच्या या फरकामुळे आमच्या वंशावळीत ते थोरल्या भावाचेच थोरले भाऊ होऊन बसले होते.

याहून जुने मोडी कागद निघाले, तर ‘सन खमस सबैन मया व अलफ’ अशी अक्षरी वर्षं भेटतील. ते फसली नाही, शुहूर सन. शब्द उलट्या क्रमाने वाचायचे: हजार, शंभर, सत्तर, पाच, म्हणजे 1175. त्यात 599 मिळवून 1774. हे वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत इथेही एक जास्त.

ताई, नकलेवर कुणी पेनने इसवी सन लिहून ठेवला असेल तर तो बाजूला ठेवा आणि मूळ ओळ भिंगाखाली धरा. आकड्यानंतरचं अक्षर आणि आकड्याआधीचा महिना, दोन्ही वाचून मला कळवा.