दुष्काळ पडला म्हणून माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला का?

तुम्ही विचारलंय की हवामान बदललं म्हणून आदिमानव आफ्रिका सोडून जगभर पसरला असं सगळे सांगतात, तर म्हणजे दुष्काळाने त्याला हाकललं असं समजायचं का? आणि भारतात तो कधी पोचला?

मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो. ‘पाऊस कमी झाला, अन्न संपलं, म्हणून माणसं निघाली’ हे वाक्य दर वर्षी उत्तरपत्रिकांत वाचतो. वाचायला पटतं, पण नकाशा समोर ठेवला की अडचण दिसते. आफ्रिकेतून पायी बाहेर पडायला वाट एकच, सिनाईची. तिच्या अलीकडे सहारा, पलीकडे अरबस्तान. दुष्काळ पडला की हे दोन्ही पट्टे आणखी कोरडे होणार. पाण्याला मोताद झालेली टोळी उरलेल्या तळ्याकडे, नदीकडे किंवा डोंगराळ भागाकडे सरकेल. वाळवंटात कशाला शिरेल? त्यामुळे बऱ्याच वेळा घडलं ते उलट. पाऊस वाढला, वाळवंटात गवत आलं, गवतामागे जनावरं गेली आणि जनावरांमागे माणसं. दुष्काळाने नंतर त्यांची मागची वाट बंद केली.

हा पाऊस वाढतो कसा? पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो. त्यामुळे आणि पृथ्वीची कक्षाही हळूहळू फिरत असल्यामुळे, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तो दिवस सुमारे २१ ते २३ हजार वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. सध्या तो जानेवारीच्या सुरुवातीला येतो. ११ हजार वर्षांपूर्वी तो उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात यायचा. मग जमीन जास्त तापायची, समुद्रावरचे वारे जास्त आत खेचले जायचे आणि मोसमी पाऊस शेकडो किलोमीटर उत्तरेकडे सरकायचा. आपल्याकडे जूनमध्ये जे घडतं तेच, फक्त जास्त जोरात. ओमानच्या गुहांमधले चुनखडीचे स्तंभ अशाच ओल्या काळात वाढले आणि कोरड्या काळात थांबले. त्यांचं वय काढलं की पावसाचा हिशेब मिळतो.

आता पुरावा. सौदी अरेबियाच्या उत्तरेला नफूद वाळवंट आहे. तिथे खल अमायशान नावाच्या ठिकाणी वाळूच्या टेकड्यांमध्ये जुन्या तळ्यांचा गाळ एकावर एक साचलेला सापडला आणि त्याच्यासोबत दगडी हत्यारं. वयं निघाली साधारण ४ लाख, ३ लाख, २ लाख, १ लाख ३० हजार ते ७५ हजार आणि ५५ हजार वर्षं. म्हणजे माणसं किंवा माणसाची भावंडं (निअँडरथलसारखे इतर मानव) तिथे पुन्हा पुन्हा आली आहेत, आणि दर वेळी तळं असताना. मधल्या कोरड्या काळात कोणाचाच मागमूस नाही. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका पुरावा वाटतो. त्याच वाळवंटात अलाथर इथे सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वीच्या तळ्याकाठी माणसांच्या पावलांचे ठसे आहेत, शेजारी हत्तींचे आणि उंटांचे. हत्तीला रोज किती पाणी आणि चारा लागतो याचा विचार करा, म्हणजे ती जागा तेव्हा कशी असेल हे कळेल. अल वुस्ता इथे माणसाच्या बोटाचं ८५ ते ९० हजार वर्षांपूर्वीचं हाडही मिळालं आहे.

यात कोणीही ‘प्रवासाला’ निघालेलं नव्हतं, हेही ध्यानात घ्या. एका पिढीत वस्ती दहा किलोमीटर सरकली आणि पिढी २५ वर्षांची धरली, तर अडीच हजार वर्षांत हजार किलोमीटर होतात. त्या माणसांना आपण कुठे जातोय याची कल्पना असण्याचं कारणच नाही.

यातल्या बऱ्याच टोळ्या पुढे टिकल्या नाहीत. इस्राएलमधल्या मिस्लिया गुहेत जवळजवळ पावणेदोन लाख वर्षांहून जुना आधुनिक माणसाचा, म्हणजे आपल्याच प्रकारच्या माणसाचा, जबडा मिळाला. स्खुल आणि काफझे इथे १ लाख २० हजार ते ९० हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे आहेत. तरी आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांचा जवळजवळ सगळा जनुकीय वारसा ६० ते ५० हजार वर्षांपूर्वीच्या एका उशिराच्या लाटेतून आलेला आहे.

इथे माझ्या आवडत्या मांडणीला तडा जातो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. एडनच्या आखातातल्या गाळात झाडांच्या पानांवरच्या मेणाचे अंश सापडतात. त्यांवरून दिसतं की नेमक्या त्याच सुमारास आखाताला लागून असलेला आफ्रिकेचा ईशान्य कोपरा कोरडा होत गेला होता. मग ही लाट निघाली कशी? अलीकडच्या अभ्यासांतून असं पुढे आलंय की ७० हजार वर्षांपूर्वीपासून आफ्रिकेतच माणसं दाट जंगलात आणि रखरखीत प्रदेशात राहायला शिकत होती. मला हे पटतं. जो माणूस कुठेही जगू शकतो, त्याला हिरव्या वाटेची फार वाट पाहावी लागत नाही.

दुष्काळाने माणसं हलवली असं खात्रीने म्हणता येईल अशी घटना बरीच अलीकडची आहे. सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वी सहारा हिरवा होता. चाड सरोवर तेव्हा इतकं मोठं होतं की आजचा महाराष्ट्र त्यात मावला असता. नायजरमधल्या गोबेरो इथे तळ्याकाठी दोन वेगवेगळ्या लोकांची दफनं आहेत, आणि मध्ये सुमारे हजार वर्षांचा खंड, कारण तेवढा काळ तळं आटलं होतं. पुढे पाऊस दक्षिणेकडे सरकत गेला तशा पूर्व सहारातल्या वस्त्या ओस पडल्या आणि नाईलच्या काठी माणसांची दाटी वाढली.

आता भारताबद्दल. ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि त्याची राख भारतावर पडली. त्यात मानवजात जवळजवळ संपली असं पूर्वी ठासून सांगत. पण आंध्रातल्या ज्वालापुरमला राखेच्या थराखाली आणि वर सारख्याच धाटणीची हत्यारं मिळाली. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यातल्या ढाबा इथेही ८० हजार ते ६५ हजार वर्षांपूर्वीपर्यंत हत्यारांची परंपरा तुटलेली नाही. अर्थात हत्यारं आहेत, हाडं नाहीत. ती बनवणारे आपल्याच प्रकारचे, म्हणजे आधुनिक मानव होते हे सगळ्यांना मान्य नाही, म्हणून ‘भारतात माणूस कधी आला’ याचं एका आकड्याचं उत्तर मी देणार नाही.

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरीलाही अशी राख आहे, हत्यारंही आहेत. पण ती राख ७४ हजार वर्षांपूर्वीची की त्याहून लाखो वर्षं जुनी, यावर संशोधकांचा वाद बरीच वर्षं चालला आहे. तेव्हा बोरीचा दाखला देऊन कोणी तुम्हाला महाराष्ट्रातल्या पहिल्या माणसाची तारीख सांगितली, तर राखेचं वय कोणतं धरलं ते आधी विचारा.