ओरखडे, खुणा की चित्रे?

प्रश्न आहे: निअँडरथल माणसांनी, म्हणजे आपल्याहून वेगळ्या आणि आता नामशेष झालेल्या मानवजातीने, गुहांच्या भिंतींवर जे काढून ठेवले, त्याला ‘ओरखडे’ म्हणावे, ‘खुणा’ की ‘गुहाचित्रे’?

‘ओरखडा’ मी आधी बाजूला काढेन. मांजराचे नख लागले, कपाट सरकवताना भिंतीला घासले की ओरखडा उठतो. तो कुणी काढत बसत नाही. इथे तर काढत बसल्याचाच पुरावा आहे. जिब्राल्टरच्या गोरहॅम गुहेत खडकावर एकमेकींना छेदणाऱ्या खोल रेघा आहेत आणि त्यांच्यावर साचलेला थर ३९,००० वर्षांहून जुना आहे. संशोधकांनी तशाच दगडावर टोकदार दगडी हत्याराने ती नक्षी कोरून पाहिली. त्यासाठी १८८ ते ३१७ वेळा टोक ओढावे लागले, तेही त्याच त्या खाचेतून, हात घसरू न देता. कातडे कापताना दगडावर उमटणाऱ्या रेघा वेगळ्याच दिसल्या. एवढ्या चिकाटीच्या कामाला ‘ओरखडे’ म्हणणे मला खटकते.

फ्रान्समधल्या ला रोश-कोतार गुहेत तर हत्यारही नाही. मऊ भिंतीवर बोटे फिरवून ओळीने रेघा ओढल्या आहेत. गुहेचे तोंड गाळाने बुजले ते ५७,००० वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या जातीची माणसे त्या मुलखात पोचण्याच्या कितीतरी आधी. तिथे ‘बोटांनी ओढलेल्या रेघा’ असे सरळ लिहावे. ‘फराटे’ मात्र नको, त्यात निष्काळजीपणा येतो.

मग ‘चित्रे’ का नकोत? मराठीत चित्र म्हटले की आपण लगेच विचारतो, कशाचे? या रेघांपुढे त्या प्रश्नाला उत्तर नाही. प्राणी नाही, माणूस नाही.

‘खूण’ इथे चपखल बसते. वाटेवर मुद्दाम करून ठेवलेली ती खूण, आणि जखमेची राहते तीही खूणच. हेतू असावा, पण अर्थ आपल्याला लागलेला नाही, ही स्थिती हा शब्द नीट पेलतो. हेतूवर भर द्यायचा तर ‘मुद्दाम केलेल्या खुणा’ म्हणावे.

हाताबद्दलही सांगायला हवे. स्पेनच्या माल्त्राविएसो गुहेतल्या हाताला सर्रास ‘ठसा’ म्हटले जाते, ते चूक आहे. हळदीकुंकवाचा हात दारावर उमटतो तो ठसा, कारण तिथे रंग तळव्याला असतो. माल्त्राविएसोत हात भिंतीवर ठेवून भोवती लाल रंग उडवला आहे. हाताची जागा कोरी राहिली आहे. म्हणून ‘हाताची कोरी आकृती’ म्हणावे. वर धरलेल्या चुन्याच्या पापुद्र्यावरून २०१८ मध्ये तिचे वय किमान ६६,००० वर्षे काढले गेले. ते मान्य केले तर हात निअँडरथलाचाच ठरतो, पण पापुद्र्याच्या कालमापनावर इतर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत. त्यामुळे तिथे कर्त्याचे नाव लिहिताना ‘बहुधा’ जोडावे.