माळावरची वेडी बाभूळ : काढायची कधी, कशी, आणि पाण्याचे काय

प्रश्न : गावच्या उताराच्या माळावर वेडी बाभूळ माजली आहे, गवत उरलेले नाही. ती काढली तर खालच्या विहिरींना पाणी वाढेल का? दुकानदार दुप्पट तणनाशक मारा म्हणतो. उन्हाळ्यात जेसीबी स्वस्तात मिळतो, लावू का?

उत्तर : जेसीबी उन्हाळ्यात लावू नका. मे महिन्यात साफ केलेले माळ मी जूनमध्ये पाहिले आहेत. वळवाच्या एका सरीत वरची माती ओढ्यात जाते आणि मुरूम उघडा पडतो. बाभळीखालची माती हात घालून पाहा : मऊ, पाला कुजलेली, पाणी मुरवणारी. दोन झुडपांमधली जागा मात्र टणक, पापुद्रा धरलेली. पाणी पळते ते तिथून. जेसीबी नेमकी ती मऊ माती खरवडून बाजूला ढकलतो.

विहिरीची आशा धरू नका. पाचशे मिलिमीटरच्या आत पाऊस असेल तिथे झुडपाचे वाचलेले पाणी उघड्या जमिनीतून वाफ होऊन जाते, नाहीतर नवे गवत पिते. ओढ्याकाठी, मुळे भूजलापर्यंत गेलेली असतील तिथे थोडा फरक पडू शकतो. माळावर कमवायचे आहे ते गवत आणि जागेवर थांबलेली माती.

आता तणनाशक. दुप्पट मात्रेने पान दोन दिवसांत करपते, औषध मुळापर्यंत उतरतच नाही आणि पावसाळ्यात बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. उन्हाळ्यात पानावर धूळ असते, झाड ताणात असते, तेव्हा योग्य मात्राही वाया जाते. उडालेल्या फवाऱ्याने उरलेसुरले गवत मरते ते वेगळेच. शिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक परवानाधारक कीडनियंत्रकांशिवाय कोणी वापरायचे नाही, असा आदेश केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये काढला होता. दुकानदाराला बाटली खपवायची असते, तुमच्या माळाचे काय झाले हे बघायला तो येत नाही. दुप्पट मात्रा नको. तिप्पट तर नकोच.

माझे ऐका, पट्ट्यांनी काम करा. उताराला आडवी एक पट्टी काढा, एक तशीच ठेवा. उरलेल्या पट्ट्या गवत बसल्यावर, पुढच्या वर्षी. जूनचा पाऊस चांगला लागून जमीन ओली झाली की बुंधा फूटभर खोल खोदून मुळाच्या गड्ड्यासह काढा. नुसते तोडलेत तर एकाचे दहा फुटवे. तोडलेल्या फांद्या जाळू नका, दोन झुडपांमधल्या टणक जागेवर समतल रेषेत आडव्या टाका. माती आणि बी तिथे अडते, काट्यांमुळे जनावरही तोंड घालत नाही. याच ओलीत मारवेल गवताचे ठोंब लावा, अंजन गवताचे बी टाका. हे बी वाऱ्याने उडते, म्हणून ओलसर मातीत कालवून टाका आणि अर्ध्या इंचापेक्षा खोल गाडू नका. बोर, तरवड, हिवर यांना हात लावू नका, ती आपलीच झाडे आहेत आणि उतार धरून ठेवतात.

पाणी अडवायला उताराला आडवे समतल चर खोदायचे असतील तर ते रोजगार हमीत बसतात, मागणी ग्रामपंचायतीत द्या. गायरान असेल तर आधी ठराव.

शेंगा खाल्लेल्या शेळ्या-मेंढ्या साफ केलेल्या पट्टीत बसवू नका, लेंडीतून बी उगवते. उगवलेली रोपे ओल असतानाच हाताने उपटा. दोन पावसाळे पूर्ण चराईबंदी हवी, गवत कापून न्या. तेवढे पाळणार नसाल तर बाभूळ आहे तशी राहू द्या, उघड्या माळापेक्षा ती बरी.