पडीक घराच्या तक्रारीत ‘निग्लेक्ट’ लिहू की ‘निग्लिजन्स’?

शेजारचं बंद कौलारू घर मालक बघत नाही, गोव्यातल्या पंचायतीला इंग्रजीत अर्ज करायचा आहे, तर शब्द ‘निग्लेक्ट’. जबाबदारी असून दीर्घकाळ काळजी न घेणं, हा त्याचा अर्थ. ‘द हाउस हॅज बीन निग्लेक्टेड फॉर इयर्स’ असं लिहा आणि लगेच पुरावा द्या: कौलं किती पावसाळे फुटलेली आहेत, चिऱ्यांची भिंत कुठे फुगली आहे. नुसत्या शब्दाला वजन नसतं.

‘निग्लिजन्स’ कायद्याचा शब्द. अपेक्षित दक्षता घेतली नाही आणि त्यातून नुकसान झालं, तेव्हाच तो शोभतो, म्हणजे भिंत पडून कुणी जखमी झालं तर. मालकाने नोटीस वाचून बाजूला ठेवली, तर ‘इग्नोर्ड’. नजरचुकीने राहिलं, तर ‘ओव्हरलुक्ड’. मराठीत या सगळ्याला आपण ‘दुर्लक्ष’च म्हणतो, घोळ तिथेच होतो.

‘माझ्या पत्राकडे दुर्लक्ष केलं’ यातल्या ‘कडे’मुळे ‘निग्लेक्टेड टू माय लेटर’ लिहिलं जातं, ते चूक. नामाआधी ‘टू’ नको. क्रियापदाआधी मात्र हवाच: ‘ही निग्लेक्टेड टू रिपेअर द रूफ’. आणि ‘निग्लिजिबल’ चुकूनही नको, त्याचा अर्थ ‘नगण्य’; तक्रारच उलटेल.