बायको पोरीच्या खोलीत का झोपायला गेली?

पत्र थोडक्यात देते.

"ताई, वय ५४, उद्यमनगरात स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे. तरुणपणी तालमीत होतो. आजही पहाटे रंकाळ्याला चालायला जातो, तंबाखू नाही, शनिवारी मित्रांबरोबर थोडी घेतो तेवढीच. तरी अंगात त्राण म्हणून नाही. सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारी काम चालू असताना डुलकी लागते, बीपीची एक गोळी होती तिच्या दोन झाल्या. मिसेसही तुटक वागते, दोन वर्षं झाली, घोरण्याचं निमित्त काढून पोरीच्या खोलीत झोपते. मित्र म्हणतोय शिलाजीत चालू कर, जिममधला पोरगा टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचं सांगतोय. या वयात काय घ्यावं?"

दादा, यातलं काही घेऊ नका.

तुमचं चालणं, तंबाखू नसणं, सगळं चांगलंय, पण मी अडकले ते "निमित्त काढून" या शब्दांवर. वीसपंचवीस वर्षं संसार केलेली बाई स्वतःचा पलंग सोडून पोरीच्या खोलीत गादी टाकते आणि तुम्हाला ते निमित्त वाटतं? दोन वर्षांत एकदा तरी तिला विचारलंत का, की बाई, तुला रात्री नेमकं काय ऐकू येतं म्हणून?

मी सांगते काय ऐकू येत असेल. आमचे वडील असेच घोरायचे, माडीवर झोपले तरी खाली सोप्यात आवाज. आम्ही पोरं त्या आवाजाला हसायचो. आई मात्र घोरण्याला कधी घाबरली नाही, ती घाबरायची घोरणं थांबलं की. घर्र घर्र चाललेलं असायचं आणि एकदम शांत. आई अंधारात उठून बसायची, एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या दाबून धरायची, किणकिण झाली तर श्वास ऐकू यायचा नाही म्हणून. मनातल्या मनात आकडे मोजायची. मग वडिलांचे पाय झटका बसल्यासारखे हलायचे, मोठा आचका द्यायचे आणि पुन्हा घर्र सुरू. सकाळी त्यांना काही आठवायचं नाही, उलट आईलाच म्हणायचे, तुझं तोंड का उतरलंय. ६१व्या वर्षी त्यांना पहाटे पॅरालिसिसचा अटॅक आला. त्यामुळेच आला असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण आईने मोजलेले ते आकडे कुणा डॉक्टरच्या कानावर कधी गेले नाहीत हे मात्र खरंय, आणि ते मला अजून लागतं.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, श्वासाची वाट मिटते. असा श्वास १० सेकंद किंवा जास्त अडला की एकदा मोजतात. तासाला ५ पेक्षा कमी वेळा झालं तर ठीक, ३० च्या वर गेलं तर आजार गंभीर धरतात. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर! दर वेळी रक्तातला ऑक्सिजन खाली येतो, मेंदू दचकून अर्धवट जागा करतो, हृदयावर ताण येतो. मग बीपी कसं उतरेल, एकाच्या दोन गोळ्या का होणार नाहीत? रात्री दोनतीनदा लघवीलाही उठत असाल, तुम्ही लिहिलं नाही पण माझा अंदाज आहे. आपले पुरुष ते सगळं प्रोस्टेटच्या नावावर टाकतात, पण त्याचं कारण हेही असू शकतं.

आणि तुम्ही तालमीतले. शर्टाच्या कॉलरचा नंबर बघा. पुरुषाची मान १७ इंचाच्या वर असेल तर धोका वाढतो. आपल्या कोल्हापुरात जाड मान म्हणजे पैलवानाची शान, पण मेहनत सुटते आणि खुराक काही सुटत नाही, मग चरबी चढते आणि ती बाहेर दिसते तशी आतून घशालाही आवळते. शनिवारची ती "थोडी" घसा अजून ढिला करते, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात वाईट रात्र बहुतेक तीच.

इंजेक्शनचा विषय तर डोक्यातनं काढूनच टाका. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, शरीर जास्त करून झोपेतच बनवतं, तुमची झोपच फाटकी असेल तर ते कमी पडू शकतं. बाहेरनं टोचलं तर अंगचं बनायचं बंद होतं आणि हा श्वास अडायचा आजार आणखी बिघडू शकतो. जिममधल्या पोराला यातलं काय माहीत?

मला खरी भीती वाटली ती तुमच्या डुलकीची. लेथवर डुलकी, अहो! लोखंड धरून ठेवणारा चक गरगर फिरतोय, समोर तुम्ही, बाही सैल, आणि डोळा लागतोय. मालासाठी हायवेने गाडी स्वतः चालवत जात असाल तर ते आजपासून बंद, टेस्ट होऊन इलाज सुरू होईपर्यंत गाडी पोराकडे नाहीतर ड्रायव्हरकडे द्या.

आता एकच काम. आज रात्री मिसेसना म्हणा, एक रात्र माझ्या खोलीत झोप, आणि मी झोपलो की मोबाईलवर रेकॉर्डिंग कर. तुटक बोलली तर ऐकून घ्या, पोरीच्या खोलीत जाण्याआधी तिने किती रात्री जागून काढल्या असतील. ते रेकॉर्डिंग घेऊन छातीच्या नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं आणि स्पष्ट म्हणायचं, स्लीप स्टडी करायची आहे. डोक्याला वायरी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा लावून एक रात्र झोपायचं, बस. काहींची घरीसुद्धा होते.

आजार निघालाच तर बहुतेक सीपॅप मशीन सांगतील, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं. १९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हे पहिल्यांदा जगापुढे मांडलं, म्हणजे काही नवीन खूळ नाही. माझा थोरला भाऊ, तोही लाल मातीतलाच, मास्क बघून म्हणाला हे असलं तोंडाला लावून मी झोपणार नाही. पहिला आठवडा रोज काढून फेकला. तिसऱ्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, अहो हे सकाळी गाणं म्हणत उठले! वजन १० टक्के उतरवलंत तरी फरक पडतो, म्हणून रंकाळा सोडू नका, कुशीवर झोपा, पण वजन उतरायला महिने लागतील आणि श्वास आज रात्रीही अडणार आहे.

रेकॉर्डिंग मला पाठवू नका, डॉक्टरांना ऐकवा. मला फक्त टेस्टची तारीख कळवा, आणि ती मिसेसनी स्वतः टाईप केली तर मला जास्त बरं वाटेल.