शोधनिबंधातला फिल्टर माझ्या सिम्युलेशनमध्ये जुळत का नाही?

निबंधातली थरांची जाडी जशीच्या तशी टाकूनही बँडपास फिल्टरचं (पातळ थरांचा, ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश जाऊ देणारा फिल्टर) शिखर लाल बाजूला, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे सरकत असेल, तर कोडवर शंका घेण्याआधी अपवर्तनांकाचा डेटा तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. निबंधात नुसतं 'टायटॅनियम डायऑक्साइड' लिहिलेलं असतं आणि आपण ऑनलाइन डेटाबेसमधून रुटाइल या त्याच्या स्फटिकरूपाची फाइल उचलतो. त्याचा अपवर्तनांक ५५० नॅनोमीटरला साधारण २.६५, बाष्पीभवनाने चढवलेल्या थराचा मात्र २.३५च्या आसपासही असू शकतो. म्हणजे पाव तरंगलांबीचा थर (जाडी गुणिले अपवर्तनांक = पाव तरंगलांबी) एका हिशोबाने ५२ नॅनोमीटर, तर दुसऱ्याने ५८.५! इतक्या फरकाने शिखर हलणारच. लेखकांनी स्वतः मोजलेला डेटा जोडला नसेल, तर सरळ ईमेल करून मागा. मागण्यात काहीच गैर नाही, खरं तर तो निबंधातच असायला हवा होता.

दुसरी गोष्ट चिन्हाची. शोषणाऱ्या पदार्थाचा अपवर्तनांक काही कोड 'एन अधिक आयके' धरतात (के म्हणजे शोषणाचा भाग), काही 'एन उणे आयके'. चुकलं की शोषणाऱ्या थरात प्रकाश वाढतो. परावर्तन आणि पारगमन यांची बेरीज १००%च्या वर गेली, तर हेच समजा.

काचेच्या मागच्या पृष्ठभागाचं सुमारे ४% परावर्तन धरलंय का, तेही बघा. आणि अरुंद फिल्टरला तरंगलांबीची १ नॅनोमीटरची पायरी फार मोठी होते, शिखर मधल्यामध्ये हुकतं.

सुरुवात कोऱ्या काचेपासून करा: १.५२ अपवर्तनांक, लंब आपात (प्रकाश काचेवर काटकोनात), एका पृष्ठभागाचं परावर्तन ४.२६% यायलाच हवं. मग एकेक थर वाढवत जा.