‘बाबा, आज व्हिडिओ नको’

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, गेली ९ वर्षं तोक्योत निशी-कासाईला राहतो. मी आयटीत आहे. मुलगा १३ वर्षांचा, जपानी सरकारी शाळेत, ‘चुगाक्को’च्या (आपली सातवी ते नववी) दुसऱ्या वर्षाला. दहाव्या वर्षी टेबल टेनिस सुरू केलं. शाळेच्या क्लबात रोज खेळतो, शिवाय आठवड्यातून चार संध्याकाळी खासगी क्लब. एदोगावा वॉर्डाच्या स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोचला. त्याला व्यावसायिक खेळाडू करायचं मी ठरवलं आहे. जपानचा नावाजलेला टेबल टेनिसपटू हारिमोतो, त्याचे आईवडीलही बाहेरूनच आले होते, मग आपला मुलगा का नाही? मी त्याच्या प्रत्येक मॅचचं शूटिंग करतो, रात्री दोघं बसून बघतो. ६१ सामन्यांची एक्सेल शीट सोबत जोडली आहे. हल्ली तो गुडघा दुखतो म्हणतो, डॉक्टरांना काही सापडलं नाही. परवा म्हणाला, ‘बाबा, आज व्हिडिओ नको.’ शाळेत जपानी भाषेत पाचापैकी २ मिळाले. मिसेसचं म्हणणं, भारतात परत जाऊन जेईईची तयारी करू. आम्ही जपानी नागरिकत्व घ्यावं का? त्याला टेबल टेनिससाठी नावाजलेल्या निवासी शाळेत घालावं का?
– एक पालक

उत्तर :

नमस्कार. तुमची शीट मी आधी उघडली आणि तिच्यातच अडकले. तारीख, प्रतिस्पर्धी, सर्व्हिसच्या चुका, बॅकहँडच्या चुका, निकाल, आणि शेवटचा रकाना ‘कारण’. त्यात १९ वेळा ‘लक्ष नाही’ आहे आणि ११ वेळा ‘भित्रेपणा’. एका ओळीवर तर मी कितीतरी वेळ थांबले. तो सामना तुमचा मुलगा ३-२ ने जिंकलाय, पाचवा गेम १२-१०. पुढे ‘कारण’मध्ये तुम्ही लिहिलंय, ‘एवढा वेळ लागायला नको होता.’

तेरा वर्षांच्या पोराने शेवटच्या गेममध्ये १०-१० वरून सामना काढला. त्या रात्री त्याला घरी काय ऐकायला मिळालं असेल, ते मला या एका ओळीवरून कळतंय.

तुमच्या मायेबद्दल मला शंका नाही. दिवसभर ऑफिस करून रात्री ६१ सामन्यांचे पॉइंट मोजत बसणं कोरड्या माणसाला जमणार नाही. पण त्याच्या बाजूने बघा. प्रत्येक सामना तो दोनदा खेळतोय. एकदा टेबलावर, आणि एकदा रात्री तुमच्या शेजारी सोफ्यावर. टेबलावर कधी जिंकतो, कधी हरतो. सोफ्यावर तो एकदाही जिंकलेला नाही. तुमच्या एवढ्या लांबलचक पत्रात त्याचं स्वतःचं वाक्य एकच आहे, ‘बाबा, आज व्हिडिओ नको.’ ते तुम्ही तक्रार म्हणून कळवलंत. मला त्यात विनंती ऐकू येते, आणि ती त्याने फार अदबीने केली आहे.

गुडघ्याचंही तसंच. वाढत्या वयात गुडघे खरोखर दुखतात, तेव्हा डॉक्टरांना पुन्हा दाखवा आणि दोन-तीन आठवडे विश्रांती द्या. आणि दुखणं खरंच सापडलं नाही, तरी तो खोटं बोलतोय असं समजू नका. ‘मला हरायची भीती वाटते’ हे वडिलांना सांगण्यापेक्षा ‘गुडघा दुखतो’ म्हणणं या वयाच्या मुलाला सोपं जातं. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलांची पोटं परीक्षेच्या आदल्या दिवशी अशीच दुखलेली आहेत, आणि ती खरीच दुखत होती.

आता हारिमोतोबद्दल, कारण तुमचा सगळा डोलारा त्या एका नावावर उभा आहे. ‘तेही बाहेरून आले, आम्हीही बाहेरून आलो’ ही तुलना मुळातच चुकली आहे. तोमोकाझू हारिमोतोचे आईवडील चीनमधून आले ते टेबल टेनिस घेऊनच. दोघंही खेळाडू. आई १९९५च्या जागतिक स्पर्धेत चीनकडून खेळलेली, वडील सेंदाईमध्ये प्रशिक्षक. सुताराच्या घरातल्या पोराच्या हाताला रंधा जसा आपोआप लागतो, तशी त्याच्या हाताला दोन वर्षांचा असताना बॅट लागली. जपानमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा वयाप्रमाणे बांबी, कब आणि होप्स अशा गटांत होते. पहिलीपासून सहावीपर्यंत सलग सहा वर्षं तो आपापल्या गटात जिंकत आला. जानेवारी २०१८ मध्ये जपानचा तेव्हाचा दिग्गज जून मिझुतानी याला हरवून तो राष्ट्रीय विजेता झाला, तेव्हा वय १४. त्याची बहीण मिवाही त्याच घरात तयार झाली आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सांघिक रौप्य घेऊन आली. त्या घरात ‘परदेशी असूनही जिद्दीने’ असं काही घडलेलं नाही. तिथे तो घरचा धंदा होता. आणि याच आईवडिलांनी मुलाला शिकवणीला घातलं, अभ्यास आधी आणि सराव मग, असं वळण लावलं. तुम्ही त्यांच्याकडून नेमकं तेवढंच उचललेलं नाही.

तुमचा मुलगा दहाव्या वर्षी सुरू करून तीन वर्षांत वॉर्डाच्या शेवटच्या सोळांत आला. ही चांगली गोष्ट आहे, त्याचं कौतुक करा. पण वॉर्डाच्या वर तोक्योची स्पर्धा, तिच्यावर कांतो विभागाची, आणि मग देशाची. जपान ऑलिंपिक समितीची एलिट अकादमी २००८ पासून चालते. मुलं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात राहतात आणि जवळच्या शाळेत शिकतात. तिथे हारिमोतो आणि मिऊ हिरानोसारखी, देशात आधीच गाजलेली मुलं घेतात. तुमच्या मुलासाठी ते दार आज उघडं नाही, हे स्पष्ट सांगते. निवासी शाळेचं म्हणाल, तर स्वतः मुलगा हट्ट धरून बसल्याशिवाय असल्या शाळेचा विचारही करू नये. तुमच्या पत्रात तर त्याने तिचं नावही काढलेलं नाही.

या पेशाचं शिखर कसं असतं, तेही बघून ठेवा. मिझुतानी शिझुओकातल्या इवाता गावचा. त्याचे आईवडील मुलांचा क्लब चालवत. तो चौदाव्या वर्षी जर्मनीला गेला, पुढे मेइजी विद्यापीठात शिकला, राष्ट्रीय एकेरी दहा वेळा जिंकला. २०१६ मध्ये रिओला त्याला कांस्य मिळालं, तेव्हा ते जपानचं टेबल टेनिसमधलं पहिलं ऑलिंपिक एकेरी पदक होतं. २०२१ मध्ये तोक्योला त्याच क्लबातून आलेल्या मिमा इतोबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळालं. त्या स्पर्धेत जर्मनीविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात शेवटच्या गेममध्ये ही जोडी २-९ ने मागे होती. सात मॅच पॉइंट वाचवून त्यांनी तो गेम १६-१४ ने काढला. २-९ झाले असताना तुमच्या ‘कारण’च्या रकान्यात तुम्ही काय लिहिलं असतं? खरंच विचार करा. त्या सुवर्णानंतर बत्तिसाव्या वर्षी तो थांबला, कारण झगमगत्या दिव्यांपुढे त्याला चेंडूच नीट दिसेना.

हे झालं अगदी टोकाचं. बाकीच्यांचं आयुष्य वेगळं असतं, आणि वाईट नसतं. जपानमध्ये कोजी मात्सुशिता १९९३ मध्ये पहिला व्यावसायिक खेळाडू झाला. त्याआधी बहुतेक मोठे खेळाडू कंपन्यांचे पगारदार होते. कंपनीच्या संघांची ती पद्धत, ‘जित्सुग्योदान’, आजही आहे. काही तास ऑफिसचं काम, मग सराव, आणि खेळ संपल्यावर तीच नोकरी पुढे. तिथे पोचायचा नेहमीचा रस्ता हायस्कूल आणि विद्यापीठाच्या संघांतून जातो. पुढेमागे तुमच्या मुलाला खेळातच राहावंसं वाटलं, तर हा रस्ता डोळ्यांसमोर असू द्या.

नागरिकत्वाचं उत्तर सरळ आहे. टेबल टेनिससाठी घेऊ नका. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. जपानी पासपोर्ट घेतला की भारतीय गेला, आणि मुलाला भारताकडून खेळायची वाटही बंद झाली, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. जपानी नागरिकत्व लागतं ते जपानच्या राष्ट्रीय संघासाठी. २०१८ मध्ये सुरू झालेल्या टी लीगला, म्हणजे जपानच्या टेबल टेनिस लीगला, ते लागत नाही. आपला भारतीय टेबल टेनिसपटू जी. साथियान याला ओकायामाच्या संघाने भारतीय पासपोर्टवरच करारबद्ध केलं होतं. तुम्हाला आयुष्यभर तिथेच राहायचं म्हणून नागरिकत्व हवं असेल, तर तो वेगळा निर्णय आहे. तो घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्यावा. तेरा वर्षांच्या मुलाच्या बॅकहँडवर त्याचा भार टाकू नये.

मला तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट वाटली ती तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलेली, जपानी भाषेतले २. एप्रिलमध्ये तो तिसऱ्या वर्षाला जाईल. तोक्योच्या सरकारी हायस्कूलचा प्रवेश परीक्षेवर असतो आणि सोबत तिसऱ्या वर्षाचे नऊ विषयांचे शालेय गुणही धरतात. खेळावर प्रवेश देणाऱ्या शाळासुद्धा गुणपत्रक बघतात. मुलगा चौथ्या वर्षी तिथे आला, बोलतो त्याच्या मित्रांसारखं. म्हणून त्याला भाषा येते असं तुम्ही धरून चाललात. पण घरी मराठी, वाचायला कोणी बसवत नाही, आणि कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, वर्गागणिक वाढत जातात. धडा नीट वाचता आला नाही की इतिहास, विज्ञान, अगदी गणिताची शाब्दिक उदाहरणंसुद्धा अडतात. बुद्धीचा यात काही संबंध नाही. खासगी क्लबातल्या चारपैकी दोन संध्याकाळी मोकळ्या करा आणि जपानी वाचून घेणारा शिक्षक बघा. शाळेतल्या वर्गशिक्षकांना या आठवड्यातच भेटा. जेईईचा रस्ता तुमच्या मिसेसना माहीत असेलच, त्याबद्दल एवढंच म्हणेन की परतायचं तर नववी संपायच्या आत ठरवा, आणि तेही मुलाला विचारून.

शाळेचा क्लब मात्र अजिबात बंद करू नका. तिथे त्याचे मित्र आहेत, तिथे कोणी रकाने भरत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिसऱ्या वर्षाची मुलं शेवटची स्पर्धा खेळून क्लबाचा निरोप घेतात आणि अभ्यासाला लागतात. ती स्पर्धा त्याने खेळावी, आणि तुम्ही बघायला जावं, मोबाइल खिशात ठेवून. हरला तर परतताना मेट्रोच्या तोझाई लाइनच्या डब्यात त्याच्या शेजारी बसा आणि भूक लागली का विचारा.

शीट आज रात्री त्याच्यासमोर डिलीट करा. ‘उद्यापासून व्हिडिओ नाही’ एवढंच म्हणा, कारणं देऊ नका. महिनाभर खेळाचा विषय त्याने काढला तरच बोला. कदाचित तो खेळ सोडतो म्हणेल. कदाचित महिन्याभराने स्वतःच बॅटचं रबर बदलायला मागेल. दोन्ही ऐकायची तयारी ठेवा.

पुढचं पत्र मला त्याच्याकडून हवं आहे. मराठी लिहायला अवघड जात असेल तर जपानीत लिहू दे. माझी एक जुनी विद्यार्थिनी मला ते वाचून दाखवेल. तुम्ही ते आधी वाचू नका.